पैसे भरून विमानतळावरच्या लाउंजमध्ये बसावं का?

प्रश्न असा आहे: पुण्याहून दिल्लीला जायचंय, आईबाबा पहिल्यांदाच विमानात बसणार, आईंचे गुडघे दुखतात, तीन तास आधी पोचणार. माणशी पैसे भरून लाउंज, म्हणजे विमानाची वाट बघत बसायची-खायची वेगळी खोली, घ्यावा का आणि आत काय मिळतं?

मिळते ती खुर्ची. दोन-तीन तासांपुरती, नशीब असेल तर चालू प्लगशेजारी. खाण्याचं म्हणाल तर सकाळी पोहे नाहीतर उपमा, इडली-सांबार, ब्रेड-बटर, कापलेली फळं. दुपारी डाळ, जीरा राइस, पनीरची भाजी, चिकनचा रस्सा, एखादं गोड. चहा मशीनचा. साडेदहा-अकराला नाश्ता उचलतात आणि जेवण लागायला वेळ असतो. त्या फटीत सापडलात तर बिस्किटं आणि सूप. आईबाबा शाकाहारी असतील तर पनीर आणि चिकनमध्ये एकच डाव फिरत नाही ना, ते बघून वाढून घ्या. डबा भरून बाहेर नेता येत नाही.

दर साधारण हजार ते दोन हजार, विमानतळागणिक वेगळा. पाटीवरच्या आकड्यात 18 टक्के जीएसटी धरलाय का, हे कार्डाचं मशीन पुढे येण्याआधी विचारा.

आता 'बँकेच्या क्रेडिट-डेबिट कार्डावर फुकट असतं, पैसे कसले भरता' म्हणणारे. त्यांच्याशी माझं जुनं भांडण आहे. बऱ्याच बँकांनी आता आदल्या तिमाहीत ठरावीक खर्च केला असेल तरच प्रवेश ठेवलाय. कार्ड तेच, पण खर्च कमी पडला की काउंटरवर 'डिक्लाइन'. दुसरं, कार्डावरचं आणि बोर्डिंग पासवरचं नाव एकच लागतं, म्हणजे तुमच्या कार्डावर बाबा जाणार नाहीत. तिसरं, मशीन रुपे कार्डावर 2 रुपये कापतं, कार्ड खरं आहे का ते तपासायला. बँकेच्या अॅपमध्ये दुकानातले व्यवहार बंद ठेवले असतील तर ते 2 रुपयेही जात नाहीत आणि मागची रांग तुमच्याकडे बघत राहते. घरून निघतानाच तो पर्याय चालू करा, पिन आठवून ठेवा. आणि एकदा स्वाइप झालं की त्या तिमाहीतल्या फुकट खेपांमधली एक संपली, मग आत जागा असो वा नसो. म्हणून आधी आत डोकावून खुर्च्या मोजा, नंतर कार्ड द्या. सकाळी सहा ते नऊ हे बघायलाच हवं.

थांबायचा वेळ दीड तासाच्या आत असेल तर घेऊ नका, पैसे अंगावर येतात. चहाच हवा असेल तर सरकारने 'उडान यात्री कॅफे' काढलेत, पहिला कोलकात्याला डिसेंबर 2024 मध्ये: चहा 10 रुपये, समोसा 20. अडीच-तीन तास असतील आणि आईंना टेकायला जागा हवी असेल तर दोघांचे भरा. 'वसूल करायचं' म्हणून चार वाट्या रबडी खाणाऱ्यांचं ऐकू नका, पुढे दोन तास विमानातल्या सीटवर बसायचंय.

हे सगळं देशांतर्गत साध्या लाउंजचं. आंतरराष्ट्रीयचा मामला वेगळा, तिथे इमिग्रेशननंतरचा लाउंज हवा. मुंबईला टी1 चं (टर्मिनल 1 चं) विमान असेल तर टी2 चा लाउंज तुमच्या कामाचा नाही.

एक राहिलंच. बहुतेक लाउंजमध्ये उद्घोषणा ऐकू येत नाही आणि गेट उड्डाणाच्या साधारण 25 मिनिटं आधी बंद होतं. गुडघेदुखीवाल्या माणसाला गेटपर्यंत पंधरा मिनिटं धरा, म्हणजे उड्डाणाच्या तासभर आधी उठा. व्हीलचेअर तिकिटासोबतच मागून ठेवा, आणि ढकलणाऱ्याला लाउंजच्या दारात सोडताना परत कधी यायचं ते वेळ सांगून पक्कं करा, नाहीतर तो दुसऱ्या प्रवाशाकडे जातो.