आपला चॅट सर्व्हर, आपली जबाबदारी: प्रॉसडीविषयी प्रश्नोत्तरे

एक्सएमपीपी हा 1999 साली जॅबर या नावाने पुढे आलेला चॅटचा खुला प्रोटोकॉल, आणि प्रॉसडी हा त्याचा लुआ भाषेत लिहिलेला आटोपशीर सर्व्हर. तो स्वतःच्या मशीनवर बसवणाऱ्यांचे हे प्रश्न.

प्रश्न: आम्ही 35 जण आहोत. 1 जीबी रॅमचा व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर) घेतला आहे. मॅट्रिक्स या दुसऱ्या खुल्या चॅट प्रोटोकॉलचा सर्व्हर सिनॅप्स बसवू की प्रॉसडी?

या मशीनवर प्रॉसडीच. सिनॅप्स पायथनमधला, सोबत पोस्टग्रेस हा डेटाबेस हवा, म्हणजे रॅमही जास्त लागते. शिवाय तुमच्यातला एखादा जरी बाहेरच्या मोठ्या सार्वजनिक रूममध्ये गेला, तरी त्या रूमचा सगळा पसारा तुमच्या सर्व्हरला सांभाळावा लागतो. नवा फोन घेतल्यावर जुने एन्क्रिप्टेड संभाषणही दिसायला हवे असेल, तर मात्र मॅट्रिक्सची सोय सरस आहे. मग मशीनही मोठे घ्या.

प्रश्न: आयडी ‘नाव@संस्था.इन’ असा हवा. वेबसाइट एका मशीनवर, चॅट दुसऱ्यावर. ‘चॅट.संस्था.इन’ या नावाची ओळख पटवणारे प्रमाणपत्र घेतले, एसआरव्ही रेकॉर्डही टाकला, तरी अ‍ॅप प्रमाणपत्र चुकीचे म्हणते.

अ‍ॅपचे बरोबर आहे. एसआरव्ही रेकॉर्ड फक्त पत्ता सांगतो: संस्था.इनचे चॅट अमुक मशीनवर, 5222 पोर्टवर. पण डीएनएसचे (नावावरून पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेचे) उत्तर वाटेत कोणी बदलू शकतो, म्हणून अ‍ॅप त्या उत्तरातल्या नावावर विसंबत नाही. आयडीत ‘@’च्या पुढे जे नाव आहे, त्याचेच प्रमाणपत्र मागते. म्हणजे चॅटच्या मशीनवर ‘संस्था.इन’चे प्रमाणपत्र हवे.

इथे पुढची अडचण येते. लेट्स एन्क्रिप्ट ही मोफत प्रमाणपत्रे देणारी संस्था; तिची नेहमीची एचटीटीपी तपासणी वेबसाइटच्या मशीनवर जाते, चॅटच्या नाही. त्यामुळे डीएनएस तपासणी वापरा. त्यात डोमेनवर एक टीएक्सटी रेकॉर्ड टाकून मालकी सिद्ध होते, कोणते मशीन हा प्रश्नच उरत नाही. डोमेनवाल्याकडे एपीआय (प्रोग्रॅमला परस्पर रेकॉर्ड बदलता येण्याची सोय) असेल, तर सर्टबॉट हा प्रमाणपत्र आणणारा प्रोग्रॅम हे आपोआप करतो. रूम आणि फाइल अपलोडसाठी वेगळी उपनावे ठेवली असतील तर तीही त्याच प्रमाणपत्रात घाला.

प्रमाणपत्राची खासगी किल्ली रूटच्या (मशीनच्या मुख्य यूजरच्या) ताब्यात असते आणि प्रॉसडी चालतो ‘प्रॉसडी’ या वेगळ्या यूजरखाली. त्याला ती वाचता येत नाही म्हणून सर्वांना परवानगी देऊन मोकळे होणारे मी पाहिले आहेत. कृपया तसे करू नका. प्रॉसडी हाताळण्याच्या ‘प्रॉसडीसीटीएल’ या साधनाची ‘सर्ट इंपोर्ट’ आज्ञा ‘रूट’ पर्यायासह चालवा आणि तीच सर्टबॉटच्या डिप्लॉय हुकमध्ये (प्रमाणपत्र नवे झाले की आपोआप चालणाऱ्या आज्ञेत) टाका. लेट्स एन्क्रिप्टचे नेहमीचे प्रमाणपत्र 90 दिवसांचे असते. माझ्या पहिल्या सर्व्हरवर मी ते हाताने कॉपी केले होते. तीन महिन्यांनी एका सकाळी कोणाचेच अ‍ॅप जोडले जाईना, आणि प्रमाणपत्र तर सर्टबॉटने वेळेवर नवे केले होते. प्रॉसडीपर्यंत ते पोचलेच नव्हते.

डोमेन मात्र आत्ताच पक्के करा. खाती, रूम, एकमेकांचे संपर्क सगळे त्याला बांधलेले असतात. पुढे नाव बदलणे म्हणजे जवळजवळ नवा संसार मांडणे.

प्रश्न: फोन खिशात असताना संदेश येत नाहीत, अ‍ॅप उघडले की दहा एकदम येतात.

दहाही आले, म्हणजे सर्व्हरने काही हरवलेले नाही. झोप फोनला लागते आहे. अँड्रॉइडवर कॉन्व्हर्सेशन्स या चॅट अ‍ॅपसाठी बॅटरी ऑप्टिमायझेशन बंद करा. आयफोनवर अ‍ॅप मागे जोडलेले राहू शकत नाही. तिथे सर्व्हरवर फोनला सूचना धाडणारे ‘क्लाउड नोटिफाय’ मॉड्यूल लागतेच. ‘स्मॅक्स’ (तुटलेली जोडणी सावरणारे), ‘कार्बन्स’ (सगळ्या उपकरणांना प्रत देणारे) आणि ‘एमएएम’ (संदेश सर्व्हरवर साठवणारे) ही मॉड्यूल चालू आहेत ना, तेही पाहा. एमएएम मुळात एकच आठवडा संदेश ठेवतो. लोक सुटीवर जातात, तेव्हा मी महिनाभराची मुदत ठेवतो.

प्रश्न: घरच्या जुन्या लॅपटॉपवर सर्व्हर आहे. राउटरवर पोर्ट फॉरवर्ड केले, तरी बाहेरून जोडले जात नाही.

राउटरच्या पानावर वॅनचा (बाहेरच्या बाजूचा) पत्ता बघा. तो 100.64 ते 100.127 यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर तुम्ही इंटरनेट कंपनीच्या सामाईक नॅटमागे आहात, म्हणजे बाहेरचा एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला आहे. राउटरवर काहीही केले तरी उपयोग नाही. स्टॅटिक आयपी मागा, नाहीतर छोटा व्हीपीएस घ्या.

प्रश्न: सर्व्हर मी सांभाळतो. सहकारी विचारतात, तू आमचे संदेश वाचू शकतोस का? काय सांगू?

खरे सांगा. ओमेमो (फक्त बोलणाऱ्यांनाच मजकूर वाचू देणारे एन्क्रिप्शन) बंद असेल तर हो, वाचू शकता: एमएएमच्या साठ्यात ते पडलेले असतात. ओमेमो चालू असेल तर मजकूर दिसत नाही, पण कोण कोणाशी कधी बोलले हे दिसते. तेवढीही माहिती मोठी आहे; म्हणून लॉग थोडेच दिवस ठेवा, आणि ‘/व्हार/लिब/प्रॉसडी’चा बॅकअप एन्क्रिप्ट केल्याशिवाय दुसरीकडे नेऊ नका. रूममध्ये ओमेमो हवा असेल, तर ती फक्त सदस्यांसाठी हवी आणि प्रत्येकाचा खरा आयडी बाकीच्यांना दिसायला हवा. रूम उघडतानाच ही मांडणी करा, आणि आयडी सगळ्यांना दिसेल हेही लोकांना आधीच सांगा.