२०२२ च्या अमेरिकी मध्यावधी निवडणुकीत ‘लाल लाट’ (म्हणजे लाल रंगाने ओळखल्या जाणाऱ्या रिपब्लिकन पक्षाचा मोठा विजय) येण्याचे भाकीत का फसले?

सगळेच अंदाज चुकले, असे सरसकट म्हणणे मला अन्यायाचे वाटते. अनेक जनमत चाचण्या निकालाच्या बऱ्याच जवळ होत्या. फसला तो इतिहासावर बेतलेला तर्क. मध्यावधीत, म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या कार्यकाळाच्या मध्यावर होणाऱ्या संसदीय निवडणुकीत, त्यांच्या पक्षाला बहुधा फटका बसतो, २०१० मध्ये ओबामांच्या डेमोक्रॅटिक पक्षाने प्रतिनिधिगृहातील (संसदेच्या कनिष्ठ सभागृहातील) ६३ जागा गमावल्या होत्या आणि २०२२ मध्ये, डेमोक्रॅटिक पक्षाचेच बायडेन राष्ट्राध्यक्ष असताना, तर महागाईने चाळीस वर्षांतला उच्चांक गाठला होता. त्यामुळे रिपब्लिकन पक्षाची लाट अनेकांनी गृहीतच धरली. मात्र जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतला, आणि ऑगस्टमध्ये कॅन्ससमधील, म्हणजे रिपब्लिकन बालेकिल्ल्यातील, मतदारांनी गर्भपातविरोधी घटनादुरुस्ती फेटाळली, तेव्हाच वारे फिरल्याचे दिसायला हवे होते. प्रत्यक्षात रिपब्लिकनांना प्रतिनिधिगृहात २२२ विरुद्ध २१३ असे निसटते बहुमत मिळाले. सिनेट, म्हणजे वरिष्ठ सभागृह, डेमोक्रॅटिक पक्षाकडेच राहिले. देशव्यापी टक्केवारीवर वाद घालणाऱ्यांनी एकेक मतदारसंघही पाहावा, असे माझे आग्रहाचे मत आहे, कारण कोलोरॅडोत जिथे रिपब्लिकन उमेदवार लॉरेन बोबर्ट यांचा विजय सुरक्षित मानला जात होता, तिथे त्या फेरमोजणीनंतर अवघ्या ५४६ मतांनी निवडून आल्या.