कळप कोणाचा? पवित्र शास्त्र आणि नेतृत्व : वाचकांची प्रश्नोत्तरे

नेतृत्वाविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच इथे घेतली आहेत. लिहिणाऱ्यांची नावे मुद्दाम दिलेली नाहीत.

प्रश्न : पुढाऱ्याने सेवक व्हावे, असे प्रत्येक उपदेशात ऐकतो. मी एका संस्थेचा कारभार पाहतो. सेवकासारखे वागायला गेलो की जो तो आपलेच खरे करतो आणि कामे खोळंबतात. मग निर्णय घ्यायचा कोणी?

तुम्हीच घ्यायचा. सेवक होणे म्हणजे सगळ्यांच्या मनासारखे करणे, असा अर्थ शास्त्रात नाही. योहानाच्या 13व्या अध्यायात येशू शिष्यांचे पाय धुतो, तो प्रसंग सावकाश वाचा. कमरेला रुमाल बांधण्याआधीचे एक वाक्य आपण घाईत ओलांडून जातो : पित्याने सर्व काही आपल्या हाती दिले आहे, हे जाणून तो भोजनावरून उठला. आपला अधिकार पुरता ठाऊक असताना तो खाली बसला. पेत्र पाय धुऊ देत नाही, तेव्हा येशू त्याच्यापुढे नमत नाही. आणि सगळे झाल्यावर स्पष्ट सांगतो, तुम्ही मला गुरू व प्रभू म्हणता ते बरोबरच आहे.

यहूदाचा अधिपती नहेम्याही पाहा. यरुशलेमेचा कोट त्याने 52 दिवसांत पुरा करून घेतला. आपल्याच बांधवांकडून व्याज उकळणाऱ्या प्रतिष्ठितांना भर सभेत जाब विचारला आणि गरिबांची शेते, द्राक्षमळे परत करायला लावले. हा काही सगळ्यांना खूश ठेवणारा माणूस नव्हे. पण आधीचे अधिपती लोकांकडून अन्न, द्राक्षारस आणि वर 40 शेकेल चांदी घेत असत. नहेम्याने 12 वर्षांत अधिपतीच्या हक्काचे अन्नही घेतले नाही, कारण लोकांवर आधीच भार होता. उलट त्याच्याच पंगतीला दीडशे माणसे जेवत. मला सेवकपण इथे दिसते. आवाज किती चढला यापेक्षा ताटात काय आले, ते पाहावे.

आणि ज्याला सेवक होणे कमीपणाचे वाटले, तो शलमोन राजाचा मुलगा रहबाम. वडीलधाऱ्यांनी सांगितले होते, आज या लोकांचा सेवक हो, ते कायमचे तुझे होतील. त्याने बरोबरीच्या तरुणांचे ऐकले, आसुडाची भाषा केली आणि इस्राएलाचे दहा वंश गमावले.

प्रश्न : मी मंडळीच्या समितीत आहे. हिशेब मागितला की पाळकसाहेब म्हणतात, ‘परमेश्वराच्या अभिषिक्ताला हात लावू नका.’ यावर काय बोलावे ते कळत नाही. गप्प बसू का?

गप्प बसू नका. हे वचन ढालीसारखे पुढे केलेले मी इतक्यांदा पाहिले आहे की जरा सविस्तर लिहितो.

‘माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका’ हे शब्द स्तोत्र 105 मधले आहेत. तिथले अभिषिक्त कोण? अब्राहाम, इसहाक, याकोब : थोडकी माणसे, परक्या मुलखात उपरी म्हणून फिरणारी. त्यांच्यासाठी देवाने राजांना दरडावले, असे स्तोत्र सांगते. म्हणजे ज्यांच्या हाती सत्ता होती त्यांना ही ताकीद होती, ज्यांना कोणी नव्हते त्यांच्या बाजूने. आज तेच वचन सत्तेवरचा माणूस प्रश्न विचारणाऱ्यावर उगारतो, तेव्हा ते पार उलटे होते.

दुसरा दाखला दाविदाचा देतात. त्याच्या जिवावर उठलेला अभिषिक्त राजा शौल गुहेत हाती सापडला असता दाविदाने त्याचा जीव घेतला नाही, खरे आहे. पण पुढे काय झाले? तो गुहेबाहेर आला, शौलाला हाक मारली आणि त्याच्या झग्याचा कापलेला काठ उंच धरून विचारले, माझा काय अपराध म्हणून माझ्या पाठीस लागलात? हात आवरला, तोंड नाही. पुढे दावीद स्वतः राजा असताना त्याने उरियाची बायको घेतली व उरियाला मारवले, तेव्हा नाथान संदेष्ट्याने ‘तो मनुष्य तूच आहेस’ असे तोंडावर सुनावले. दाविदाने आपला अभिषेक पुढे केला नाही. मी परमेश्वराविरुद्ध पाप केले आहे, एवढेच म्हणाला. मला तो तिथे राजा वाटतो.

पैशांचे म्हणाल, तर करिंथकरांच्या दुसऱ्या पत्राचा 8वा अध्याय समितीत वाचून दाखवा. यहूदीयातल्या गरजू विश्वासणाऱ्यांची वर्गणी नेताना प्रेषित पौल मंडळ्यांनी निवडलेला एक भाऊ सोबत घेतो. कारणही लिहितो : या मोठ्या रकमेवरून कोणी दोष देऊ नये, आणि प्रभूच्याच नव्हे तर माणसांच्या दृष्टीनेही सगळे चोख असावे. प्रेषिताला स्वतःहून साक्षीदार हवे होते.

मात्र हिशेब मागणे वेगळे आणि चोर ठरवणे वेगळे. वडिलांवरचा, म्हणजे मंडळीच्या पुढाऱ्यावरचा, आरोप दोघातिघा साक्षीदारांवाचून ऐकू नको, असे पौलाने आपला सहकारी तीमथ्य याला पहिल्या पत्रात बजावले आहे. म्हणून कुजबुज नको. आधी त्यांना एकट्याने भेटा, मग समितीत लेखी मागा. त्याच पत्रात पुढे हेही आहे, की जे पाप करीतच राहतात त्यांचा दोष सर्वांसमोर दाखवावा.

प्रश्न : सगळे माझ्याच गळ्यात येते. नाही म्हणणे म्हणजे विश्वासाची कमतरता वाटते.

इस्राएल लोकांचा पुढारी मोशे यालाही सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोक घेरून असत. त्याचा सासरा इथ्रो म्हणाला, तू करतोस हे ठीक नाही, तू झिजून जाशील आणि हे लोकही. ‘लोकही’ हा शब्द पाहा. एकट्याने ओढण्यात त्यांचेही नुकसान असते. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसे नेम, असे त्याने सांगितले आणि मोशेने ऐकले. या आठवड्यात एक काम दुसऱ्याकडे द्या. तो तुमच्यासारखे करणार नाही. करू द्या.

प्रश्न : एक तरुण फार सुंदर बोलतो. त्याला वडील म्हणून नेमावे का?

1 तीमथ्य 3 मधली यादी काढा. शिकवता येणे एवढे एकच त्यात कसब म्हणावे असे आहे. बाकीचे सगळे स्वभावाविषयी आहे : नेमस्त, अतिथिप्रिय, न भांडणारा, द्रव्यलोभी नसलेला, घर नीट सांभाळणारा, बाहेरच्यांतही नाव चांगले असलेला. वय आड येत नाही, तीमथ्य स्वतः तरुण होता. नवशिका मात्र नको, आणि कोणावर हात ठेवण्याची, म्हणजे त्याला नेमण्याची, घाई नको. थांबा, आणि त्याच्या घरच्यांशी बोला.

प्रश्न : पुष्कळ वर्षे अध्यक्ष होतो. आता पायउतार होताना जीव तुटतो. यांना माझ्याशिवाय जमेल का?

तुमचा जीव तुटतो यात गैर काही नाही. मोशेलाही ती काळजी होती. कनान देशात तू जाणार नाहीस, असे ऐकल्यावर त्याने त्या वेळी स्वतःसाठी काही मागितले नाही. मेंढपाळ नसलेल्या मेंढरांसारखी यांची गत होऊ नये, म्हणून कोणाला तरी नेम, एवढे मागितले. मग सर्वांदेखत यहोशवावर हात ठेवले. येशूही पेत्राला सांगतो ते ‘माझी मेंढरे पाळ’. पेत्राची ती कधीच झाली नाहीत.

जाण्यापूर्वी शमुवेलासारखी एक सभा घ्या. इस्राएलाचा न्यायाधीश राहिलेला म्हातारा शमुवेल सर्व लोकांपुढे उभा राहिला आणि विचारले, मी कोणाचा बैल घेतला? कोणाचे गाढव घेतले? कोणाला छळले? कोणाकडून लाच घेतली? असेल तर सांगा, मी परत करतो. तुमच्या सभेत कोणी हात वर केला तर रागावू नका, ऐकून घ्या आणि परत करण्यासारखे असेल ते करा. मग चाव्या आणि वह्या नव्या माणसाच्या हाती द्या.