गोधडी सोडायची कशी? थंडीत पळणाऱ्यांचे प्रश्न

दिवाळी सरली की पळण्याविषयीच्या पत्रांचा सूर बदलतो. वेग आणि अंतर मागे पडतं आणि उठण्याचाच प्रश्न पुढे येतो. या महिन्यातली निवडक पत्रं आणि आमची उत्तरं.

प्रश्न : वय ३८, नाशिकला बँकेत नोकरी. सप्टेंबरपर्यंत आठवड्यातून चार दिवस पळायचो. आता रात्री ठरवतो, पहाटे सव्वापाचचा गजर होतो आणि हात आपोआप तो बंद करतो. स्वतःचाच राग येतो. मनाची तयारी कशी करावी?

मनाची तयारी बाजूला ठेवा. पहाटे सव्वापाचला अंथरुणात पडून घेतलेला कोणताही निर्णय अंथरुणाच्याच बाजूने लागतो. म्हणून त्या वेळेला निर्णय घ्यायची गरजच उरू नये, अशी व्यवस्था आदल्या संध्याकाळी लावायची.

आधी झोपेचा हिशोब बघा. तुम्ही झोपता कधी ते पत्रात लिहिलेलं नाही, पण बारा वाजत असतील तर दोष थंडीचा नाही. शरीराचं तापमान पहाटे चार-पाचच्या सुमारास सर्वांत कमी असतं. अपुऱ्या झोपेतून नेमक्या त्या वेळी उठलं की गारठा असतो त्याहून जास्त बोचतो. झोपायची वेळ एकदम दीड तास अलीकडे आणू नका, नुसते छताकडे बघत पडाल. दर तीन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे घ्या आणि गजरही त्याच हिशोबाने सरकवा.

उठायलाच हवं का सव्वापाचला, हेही तपासा. २२ डिसेंबरनंतर दिवस मोठा होऊ लागतो हे खरं, पण तो वाढतो संध्याकाळच्या बाजूने. आपल्याकडे सूर्य सर्वांत उशिरा उगवतो तो जानेवारीच्या मध्याला, संक्रांतीच्या आसपास. तेव्हा नाशिक-पुण्यात सात वाजून पाच-दहा मिनिटं होतात. म्हणजे पहाटेचा अंधार जानेवारीअखेरपर्यंत फारसा हटत नाही. बँक दहाची असेल तर साडेसहाला निघून सव्वासातला परत येणं सहज जमतं. शेवटच्या टप्प्यात उजेड मिळतो आणि डोळ्यांवर पडणारा सकाळचा उजेड रात्रीची झोपही लवकर आणतो.

आता आदल्या रात्रीची कामं. पळायचे कपडे, मोजे आणि चावी एकाच खुर्चीवर ठेवा. अर्ध्या अंधारात मोज्याचा जोड शोधावा लागला की माणूस परत पांघरुणात शिरतो. गार कपडे अंगावर चढवणं नकोसं वाटत असेल तर ते गोधडीखाली पायाशी ठेवून झोपा. गजराचा मोबाईल दुसऱ्या खोलीत, दिव्याच्या बटणाजवळ ठेवा.

उठल्यावर थेट दार उघडू नका. घरातच सहा ते आठ मिनिटं अंग तापवा : दोन मिनिटं जागेवर गुडघे उचलत चालणं, टाचा उचलणं पंधरा वेळा, अर्ध्या बैठका दहा, भिंतीला धरून प्रत्येक पाय पुढे-मागे दहा-दहा वेळा झुलवणं आणि शेवटी इमारतीचा जिना दोनदा चढ-उतार. गरम अंगाने बाहेर पडलं की गारवा सुखद लागतो.

आणि स्वतःशी करार करा तो फक्त दहा मिनिटांचा. दहा मिनिटं सावकाश पळायचं, नकोसं वाटलं तर परत. थंडीत त्रास होतो तो पहिल्या आठ-दहा मिनिटांत, स्नायू आणि सांधे तापेपर्यंत. त्यानंतर परत फिरणारे फार थोडे. मात्र घराभोवती फेऱ्या मारू नका, प्रत्येक फेरीला फाटक समोर येतं. एका दिशेने लांब जाऊन परत येण्याचा रस्ता घ्या.

सोबती मिळाला तर उत्तम, पण तो कोपऱ्यावर प्रत्यक्ष उभा राहणारा हवा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'उद्या नक्की' लिहिणारे वीस जण असतात आणि वीसही जण गोधडीत असतात. आठवड्याला तीन दिवस पुरेत. चुकलाच एखादा दिवस, तर त्याच संध्याकाळी सहाला अर्धा तास पळा. दुसऱ्या दिवशी दुप्पट पळून भरपाई करायला जाऊ नका, पोटऱ्या धरतील आणि तिसरा दिवसही जाईल.

प्रश्न : पुण्यात टेकडीवर पळायला स्कूटरवरून जाते. स्वेटर घातला तर दहा मिनिटांत घामाघूम, नाही घातला तर स्कूटरवरच हुडहुडी भरते. नेमकं घालावं काय?

स्कूटरवर बसलेलं अंग आणि पळणारं अंग या दोघांचे कपडे वेगळे. स्वेटर, जॅकेट, मफलर सगळं स्कूटरपुरतं. टेकडीखाली पोचलात की ते डिकीत टाका आणि सोबत एक कोरडा टी-शर्ट असू द्या.

पळताना मात्र बाहेरचं तापमान आहे त्याहून आठ-दहा अंशांनी जास्त आहे असं धरून कपडे घाला. १४-१५ अंशांच्या वर अर्ध्या बाह्यांचा टी-शर्ट पुरतो. १० ते १४ अंशांत पूर्ण बाह्यांचा पातळ ड्रायफिट, म्हणजे घाम लवकर सुकणारा पॉलिएस्टरचा टी-शर्ट, आणि पातळ हातमोजे. १० च्या खाली त्यावर एक पातळ विंडचीटर आणि कान झाकणारी पट्टी. एका जाड कपड्यापेक्षा दोन पातळ बरे, कारण चेन उघडता येते, बाह्या वर करता येतात, विंडचीटर काढून कमरेला बांधता येतो. सुरुवातीला उभं असताना थोडं गार वाटलं पाहिजे. उभ्या-उभ्या ऊब वाटली तर एक कपडा जास्त झाला.

बहुतेक वेळा चूक होते ती आतल्या सुती कपड्यात. बाहेर महागडा ड्रायफिट आणि आत सुती बनियन. सूत घाम धरून ठेवतं, अंगाला चिकटतं आणि वेग कमी झाला की तोच ओलावा अंगातली ऊब ओढून घेतो. आतला थरही पॉलिएस्टरचाच हवा. परतताना ओल्या कपड्यांवर जॅकेट चढवून स्कूटर चालवू नका. आधी कोरडा टी-शर्ट, मग जॅकेट. पळून आल्यावर दुपारपर्यंत अंग मोडून आल्यासारखं वाटतं अशी तक्रार आणखी काही पत्रांत आहे. त्यांनीही आधी हे करून बघावं.

प्रश्न : निफाड तालुक्यात राहतो, पोलीस भरतीची तयारी करतो. पहाटे पाचला डांबरी रस्त्यावर १६०० मीटर मारतो. थंडी पडल्यापासून वेळ पंधरा सेकंदांनी वाढली आणि पोटरी धरते. मित्र म्हणतात, ताकद कमी झाली.

ताकद कुठेही गेलेली नाही. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा राज्यातल्या सर्वांत कमी आकड्यांत असतो हे तुम्ही रोज पेपरात वाचताच. तशा गारठ्यात, थेट अंथरुणातून उठून पूर्ण जोर लावला की स्नायू तेवढ्या वेगाने आखडत-सैलावत नाहीत. पोटरीवर ताण येतो, वेळ वाढते.

तीन बदल करा. पूर्ण जोराची १६०० मीटर चाचणी रोज मारायची नसतेच. आठवड्यातून एकदा पुरे आणि तीही सकाळी आठनंतर किंवा संध्याकाळी पाचला घ्या. भरतीचं मैदान काही पहाटे पाचच्या अंधारात होत नाही. दुसरं, पहाटेच्या सरावाआधी पंधरा मिनिटं द्या : हजार-बाराशे मीटर गप्पा मारता येतील इतकं सावकाश, मग टाचा मागे मारत आणि गुडघे उचलत प्रत्येकी २० मीटरच्या दोन फेऱ्या, मग ६०-८० मीटरच्या चार धावा, पहिली साठ टक्के जोराने आणि चौथी नव्वद. मधे चालत परत या. १०० मीटरचा सराव याआधी कधीही नको, मांडीचा मागचा स्नायू फाटतो तो इथेच. तिसरं, वाकून ताणून धरण्याचे व्यायाम पळून झाल्यावर. गार पोटरी ताणत बसल्याने ती सुटत नाही.

दोन्ही पोटऱ्या सारख्या जड वाटत असतील तर हा थकवा. एकाच पायात एका जागी टोचत असेल, किंवा नडगीच्या हाडावर बोट दाबून दुखत असेल, तर पळणं थांबवून डॉक्टरांना दाखवा. भरतीच्या तोंडावर अंगावर काढलेली नडगी पुढचे दोन महिने खाते.

आता तुम्ही न विचारलेलं. कारखान्यांचा हंगाम चालू आहे. उसाच्या ट्रॉल्यांना मागे दिवा असेलच असं नाही आणि धुक्यात ड्रायव्हरला तुम्ही दिसत नाही. रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणारं वाहन दिसेल असे पळा. ट्रॉली जवळ आली की साइडपट्टीवर उतरा. पांढरा टी-शर्ट पुरत नाही. छातीवर आणि पाठीवर चमकणारी पट्टी असलेलं जाकीट आणि हातात टॉर्च घ्या.

उसाला लागून असलेल्या रस्त्यावर उजाडण्याआधी एकट्याने जायचं नाही. बिबट्या तुमच्या भागात नवा नाही. तीन-चार जण मिळून, मोठ्याने बोलत किंवा मोबाईलवर गाणी लावून जा, कानात इअरफोन नकोत. बूट बांधायला उसाकडेला खाली बसू नका. समोर दिसलाच तर पळायचं नाही, पाठ करायची नाही. उभे राहून हात वर करा, ओरडा आणि तोंड त्याच्याकडे ठेवून हळूहळू मागे सरका. वन विभागाचा टोल फ्री क्रमांक १९२६ सगळ्यांच्या मोबाईलमध्ये असू द्या.

प्रश्न : नागपूर. वय ६१, रक्तदाबाची गोळी चालू आहे. दहा वर्षांपासून सावकाश पळतो. मुलगी म्हणते, थंडीत बंद करा.

तिची काळजी अनाठायी नाही. गारठ्याने त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब चढतो आणि हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. पण दहा वर्षांची सवय मोडण्याऐवजी वेळ बदला. तापमान सर्वांत खाली असतं ते सूर्योदयाच्या सुमारास, त्यानंतर तासाभरात चांगलं चढतं. नागपुरात सूर्य पुण्याच्या आधी उगवतो, त्यामुळे आठ वाजता तुम्हाला बऱ्यापैकी ऊन मिळेल. निवृत्त माणसाने सहाचा हट्ट धरायचं कारण नाही.

हंगामाच्या सुरुवातीलाच डॉक्टरांकडून रक्तदाब तपासून घ्या. थंडीत गोळीची मात्रा बदलावी लागू शकते, पण ते त्यांनी ठरवायचं. पहिली दहा मिनिटं फक्त चाला, मग पळा, आणि वेग असा ठेवा की पूर्ण वाक्य न अडखळता बोलता आलं पाहिजे. कान-डोकं झाका. छातीत दाब, जबड्यात किंवा हातात कळ, नेहमीपेक्षा जास्त धाप, चक्कर यांपैकी काहीही झालं तर तिथेच थांबा आणि थेट दवाखाना गाठा. 'गॅस असेल' म्हणून घरी चालत येऊ नका.

प्रश्न : पिंपरी. सकाळी पळून आल्यावर तासभर कोरडा खोकला येतो, कधी छातीत शिट्टीसारखा आवाज. हवा वाईट की फुप्फुसं?

दोन्ही असू शकतं. जोराने श्वास घेताना तोंडातून आत जाणारी गार, कोरडी हवा श्वासनलिका सुकवते आणि काहींच्या नलिका त्यामुळे आवळतात. शिट्टीसारखा आवाज येतो म्हणता, म्हणजे दम्याची तपासणी करायलाच हवी. दम्याचं निदान झालेल्यांना डॉक्टर बहुधा पळण्याआधी पंधरा मिनिटं पंप घ्यायला सांगतात. त्यासोबत दहा-पंधरा मिनिटं सावकाश सुरुवात आणि नाकातोंडावर पातळ मफलर, म्हणजे आत जाणारी हवा थोडी दमट होते.

हवेचं म्हणाल, तर थंडीत रात्री जमिनीलगतची हवा गार आणि जड होते, वर उबदार हवेचं झाकण बसतं आणि धूर, धूळ, शेकोट्यांचा आणि कचरा जाळल्याचा धूर खालीच साठतो. ऊन तापल्यावर ते झाकण सुटतं. म्हणून पहाटेची हवा स्वच्छ असते हा समज शहरात, हिवाळ्यात खरा नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 'समीर' अ‍ॅपवर जवळच्या केंद्राचा हवेच्या गुणवत्तेचा आकडा (एक्यूआय) बघा. २०० च्या वर म्हणजे 'खराब'. तुमच्यासारख्याने त्या दिवशी घरातच जिना करावा. मफलरने ऊब मिळते, बारीक धूळ अडत नाही. एन-९५ घालून पळायला गेलात तर दम कोंडेल.

प्रश्न : टोरांटोला येऊन वर्ष झालं. पुण्यात १० अंशांना थंडी म्हणायचो, इथे उणे १२. फुप्फुसं गारठतात का? बाहेर पळावं की नाही?

फुप्फुसं गारठत नाहीत, हवा तिथे पोचेपर्यंत वाटेतच गरम होते. बघायचा तो वाऱ्यासकट जाणवणाऱ्या थंडीचा आकडा, म्हणजे विंड चिल. तो उणे २८ च्या खाली गेला की उघडी त्वचा १० ते ३० मिनिटांत गोठू शकते. त्या दिवशी ट्रेडमिल, बिनतक्रार.

एरवी तीन थर : अंगालगत पॉलिएस्टर किंवा मेरिनो लोकर, मधे पातळ फ्लीस, वर वारा अडवणारं जॅकेट. पाच बोटांच्या हातमोज्यांपेक्षा सगळी बोटं एकत्र राहणारे मिटन्स जास्त उबदार. जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जा आणि येताना वारा पाठीवर घ्या. उलट केलंत तर घामाने ओलं झालेलं अंग परतीला वाऱ्यापुढे येतं. काळ्या बर्फावर, म्हणजे रस्त्यावरच्या सहज न दिसणाऱ्या पातळ बर्फावर, पावलं छोटी ठेवा किंवा बुटांवर रबरी पट्ट्याचे खिळे चढवा. मोबाईल आतल्या खिशात, अंगालगत. थंडीत बॅटरी अचानक बसते. जानेवारीत तिथे सूर्य आठच्या जरा आधी उगवतो आणि पाच-साडेपाचला मावळतो, तेव्हा पहाटेचा आग्रह सोडून जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास मिळतो का बघा.

प्रश्न : पळण्याआधी चहा चालतो का? नुसतं पाणी प्यायला गार वाटतं.

अर्धा कप चालतो. ज्यांना चहाने आम्लपित्त होतं त्यांनी तो परतल्यावर घ्यावा. पाणी कोमट करून एक ग्लास प्या. थंडीत तहान कमी लागते, घाम मात्र येतच असतो. पाऊण तासाच्या वर पळणार असाल तर निघण्याआधी दोन खजूर किंवा एक केळं खा.