बैल कोणी विकला, दारू कोणी सोडली?

प्रश्न : बाईंना नमस्कार. मी दर्यापूर तालुक्यातला शेतकरी, वय 52. पत्र लिहायची सवय नाही, मुलीनं शुद्धलेखन तपासून दिलं आहे. 2009 साली पोळा होऊन चार-पाच दिवस झाले असतील, मी माझ्या मोठ्या भावाचा बैल, चांद्या, दारूच्या नशेत बाजारात नेला आणि 11 हजारांत विकला. असं सगळे सांगतात. मला सकाळी कासरा हातात घेतल्याचं आठवतं आणि मग एकदम रात्री ओसरीवर पडलेलो. मधलं काही म्हणजे काही आठवत नाही. पैसेही सापडले नाहीत. दादाची जोडी मोडली, त्याचा हरभरा भाड्याच्या बैलांवर पेरला गेला. चांद्याला शोधत तो तीन बाजार फिरला.

2013 साली मोझरीला तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला गेलो, तिथं शपथ घेतली. तेव्हापासून थेंब नाही. आता आजूबाजूच्या गावांत व्यसनमुक्तीवर चार शब्द बोलायला मलाच बोलावतात. यंदा घराची वाटणी निघाली तर दादा म्हणतो, आधी चांद्याचे पैसे टाक, तेही आजच्या भावानं. मी म्हणालो, दादा, तो माणूस मी नव्हतोच, तो मेला. दादा म्हणाला, "तू नव्हता त कोन व्हता मंग? तुयं भूत व्हतं काय?"

मुलगी अमरावतीला राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते, तिनं तत्त्वज्ञान विषय घेतला आहे. तिनं वहीतून वाचून दाखवलं की जॉन लॉक नावाच्या इंग्रज तत्त्वज्ञाच्या मते आठवण पोचते तिथवरच माणूस तोच. हे ऐकून मला बरं वाटलं. पण कीर्तनात तर ऐकतो की शरीर बदलतं, आत्मा तोच राहतो. पाश्चात्त्यांचं नक्की म्हणणं काय आहे? आणि मी पैसे द्यावेत का?

उत्तर : भाऊ, तुमच्या पत्रातला शेवटचा प्रश्न चार शब्दांचा आहे. 31 वर्षं तालुक्याच्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलं, त्यातली शेवटची पाच-सहा वर्षं तर बाकांपेक्षा पोरं कमी होती. पण एक गोष्ट पक्की कळली. पोरगं जे उठता उठता विचारतं, तेवढंच त्याला विचारायचं असतं. तरी क्रमानं जाऊ.

मुलीनं वाचलं ते बरोबर आहे, फक्त तिला पुढचं पान उलटायला सांगा. लॉकचा ग्रंथ 1690चा. त्यात 'तोच माणूस म्हणजे काय' हे प्रकरण पहिल्या आवृत्तीत नव्हतंच. डब्लिनच्या विल्यम मॉलिन्यू या मित्रानं पत्रातून सुचवलं, म्हणून ते 1694च्या आवृत्तीत आलं. लॉक म्हणतो, कोंबातून झाड होतं, झाडाचं लाकूड सगळं बदलतं, तरी जगणं अखंड चालू असतं म्हणून ते तेच झाड. माणूस नावाचा प्राणीही तसाच. पण जबाबदारी, शिक्षा, बक्षीस या गोष्टी ज्याला लागू होतात ती 'व्यक्ती' वेगळी. ती तिच्या जाणिवेनं बांधलेली. जे कृत्य मी 'माझं' म्हणून आतून ओळखतो, तिथवर मी.

तुमच्या कीर्तनातल्या आत्म्यालाही त्यानं सोडलेलं नाही. त्याला एक गृहस्थ भेटला होता, चांगल्या हुद्द्यावरचा, बोलण्या-वागण्यात शहाणा. आपल्यात सॉक्रेटिसचा आत्मा आहे अशी त्याची खात्री होती. लॉक विचारतो, असेलही. पण सॉक्रेटिसनं केलेलं, बोललेलं यातलं काही याला स्वतःचं म्हणून आठवतं का? नाही ना? मग आत्मा तोच असला तरी हा सॉक्रेटिस नव्हे. पूर्वजन्मावर मी आजवर ऐकलेल्या वादांत इतक्या थंड डोक्यानं घातलेला घाव दुसरा नाही.

देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाला वकील केलं असतं तर तुमचा खटला पहिल्याच तारखेला पडला असता. त्याच्या 1641च्या ग्रंथात आत्मा म्हणजे विचार करणारी वस्तू, शरीराहून निराळी, आणि ती झिंगो की झोपो, तीच. पण 1643 साली बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ हिनं त्याला पत्रांतून पेचात धरलं. तिचा एक सवाल असा, की आत्मा जर शरीरावाचून राहू शकतो, तर शरीरातल्या कसल्याशा वाफांनी त्याची चांगली चालणारी अक्कल कशी काय जाते? हातभट्टीच्या गावात राहणाऱ्या कुणालाही हा सवाल समजावून सांगावा लागत नाही. देकार्तचं उत्तर मला कधी पटलं नाही.

आता ते पुढचं पान. दारूत गुन्हा केला, शुद्धीवर आल्यावर आठवत नाही, तरी शिक्षा का, असं लॉक स्वतःच विचारतो. म्हणजे तुमचा खटला सव्वातीनशे वर्षांपूर्वीच पुकारला गेला आहे. त्याचं उत्तर असं, की कोर्टापुढं कृत्य सिद्ध करता येतं. 'मला आठवत नाही' हे सिद्ध करता येत नाही. खरं विसरणारा कोण आणि सोंग घेणारा कोण, हे माणसांच्या न्यायाला निवडता येत नाही, म्हणून शिक्षा होते. देवाच्या दरबारात मात्र, जिथं सगळ्यांची मनं उघडी असतील, तिथं जे ठाऊकच नाही त्याचा जाब कुणाला द्यावा लागणार नाही. तेव्हा लॉकनं तुम्हाला सोडलं आहे, पण वरच्या कोर्टात. खाली ओसरीवर नाही.

मॉलिन्यूला एवढंही मान्य नव्हतं. त्यानं कळवलं, की दारू पिणं हीच मुळात स्वतःहून केलेली चूक, तिच्या आडून दुसरी चूक कशी झाकणार? लॉकनं ते मान्य केलं. आपल्याकडे 1860च्या दंडसंहितेत, कलम 85मध्ये, हाच काटा होता, आणि 2024 साली तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेतही तो आहे. नकळत किंवा जबरदस्तीनं पाजली असेल तर गोष्ट वेगळी; आपल्या हातानं प्याला उचलला असेल तर नशा ही सबब नाही. तुमच्या तोंडात कुणी ओतली होती, असं पत्रात दिसत नाही.

आठवणीच्या या दोरीला पुढं टॉमस रीड या स्कॉटिश पंडितानं 1785 साली गाठच मारली. एक मुलगा शाळेत असताना बाग लुटल्याबद्दल फटके खातो. (कसली बाग ते रीड लिहीत नाही; आमच्याकडची असती तर संत्र्याचीच.) तोच तरुणपणी शिपाईगिरीत शत्रूचं निशाण हिसकावून आणतो, तेव्हा त्याला ते फटके आठवत असतात. म्हातारपणी तो सेनापती होतो. निशाण आठवतं, फटके साफ विसरलेले. लॉकच्या हिशेबानं सेनापती म्हणजे तो तरुण, तरुण म्हणजे तो मुलगा, पण सेनापती म्हणजे तो मुलगा नाही! रीडचं म्हणणं सरळ आहे. आठवण हा मी केल्याचा पुरावा असतो. आठवल्यामुळं मी करणारा होत नाही आणि विसरल्यामुळं सुटत नाही. एक पुरावा हरवला तर दुसरे असतात. तुमचा हरवला, दादाचा शाबूत आहे.

'आठवत नाही' ही बाजू इथं संपली. पण तुम्ही दादाला सांगितलं ते वेगळंच आहे. तो माणूस मेला, आताचा मी नवा. ही बाजू अधिक भक्कम आहे, म्हणून तिला जरा वेळ देते.

आमच्या बाबांची एक बंडी, म्हणजे बैलगाडी, होती. मी सहावी-सातवीत असेन, तिच्या चाकाला नवी धाव, म्हणजे लोखंडी पट्टा, बसवताना पाहिलेलं अजून डोळ्यांपुढं आहे. लोहारानं गोवऱ्यांचा गोल ढीग रचून धाव तापवली, लाल झाली तशी तिघांनी सांडशीनं उचलून चाकावर टाकली. लाकडानं पेटच घेतला. त्याच क्षणी बादल्या ओतल्या, चर्रर्र आवाज, वाफ, आणि धाव आवळत गेली तसे आरे तुंब्यात कटकट बसत गेले. जळक्या बाभळीचा तो वास! पुढं त्याच बंडीचे आरे बदलले, आख बदलला, जू बदललं, साटाही नवा आला. आजोबांच्या वेळचं लाकूड तिच्यात काय उरलं होतं, देव जाणे. घरात मात्र 'आबाजीची बंडी' हेच नाव.

ग्रीकांकडं हेच कोडं थीसिअसच्या तीस वल्ह्यांच्या नावेचं, प्लुटार्कनं सांगितलेलं. हॉब्ज या इंग्रज तत्त्वज्ञानं 1655 साली त्यात खोच मारली. काढलेल्या जुन्या फळ्या कुणी जपून ठेवल्या आणि त्यांची पुन्हा नाव जोडली, तर खरी कोणती? वर्गात यावर तास तास जायचा. मला आठवतं ते दुसरंच. लोहाराचे त्या धावेचे पैसे बरेच दिवस राहिले होते, आणि फेडायच्या आधीच ते चाक नाल्यात मोडलं. बाबांनी पैसे दिले. चाक गेलं म्हणून देणं गेलं, हे त्यांना सुचलंसुद्धा नाही. बाबा तत्त्वज्ञान शिकलेले नव्हते, हा त्याचा फायदा.

तुम्हाला खरा आधार हवा असेल तर डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाकडे जा. 1739 साली, तिशीच्या आतल्या या माणसानं लिहिलं, की मी आत डोकावतो तेव्हा कधी ऊन, कधी गारवा, कधी प्रेम, कधी राग, कधी दुखणं हाती लागतं. ज्याला हे सगळं होतं तो 'मी' काही सापडत नाही. माणूस म्हणजे अशा संवेदनांची, विचारांची मोळी. पण मोळी कशानं बांधली आहे, हे आपल्यालाच नीट सांगता येत नाही, अशी कबुली त्यानं पुढच्याच वर्षी परिशिष्टात दिली. असली कबुली तत्त्वज्ञ सहसा देत नाहीत. मला तो त्यासाठीच आवडतो. शिवाय तो म्हणतो, विचारात धरलेला 'मी' एक आणि भावनांतला, अभिमान-लाजेतला 'मी' दुसरा. विचारात तो सापडला नाही तरी लाजेत लगेच सापडतो.

इथं मला तुमचं पत्र पुन्हा वाचावं लागलं. बैलाबद्दल तुम्ही 'असं सगळे सांगतात' लिहिता आणि शपथेबद्दल सरळ 'शपथ घेतली' लिहिता. आता मला सांगा, दारू सोडली कोणी? पिणारा मेला असेल तर सोडायला काही उरलंच नव्हतं. जो कधी प्यायलाच नाही त्यानं न पिण्यात कसला पराक्रम? मोझरीला हात पुढं करून उभा होता तो आदल्या आठवड्यापर्यंत पिणाराच होता, म्हणून त्या शपथेला वजन. ती शपथ आज तुम्हाला बांधते ती तरी का? 2013चा तो माणूस तुम्हीच, म्हणून. चार वर्षं मागे जाऊन 2009चा मात्र परका, हे चालणार नाही. सभेत 'तो माणूस मेला' म्हटलं की टाळ्या पडत असतील, खुशाल म्हणा. दादासमोर म्हणू नका; त्याचा बैल गेला आहे.

एक माणूस तुमच्या बाजूनं अजून बोलेल, तो इंग्रज तत्त्वज्ञ डेरेक पार्फिट. 1984च्या त्याच्या पुस्तकात तो म्हणतो, 'तोच की दुसरा' याला आपण नको इतकं महत्त्व देतो. खरं मोल मनाच्या धाग्यांना, आणि ते कमी-जास्त असू शकतात. त्याचं उदाहरण बघा. नव्वदीचा एक म्हातारा, शांततेचं नोबेल खऱ्या अर्थानं शोभलेला, कबूल करतो की विसाव्या वर्षी दारूच्या भांडणात मी एका पोलिसाला जखमी केलं होतं. पार्फिटला वाटतं, आज त्याला शिक्षा द्यायचं कारण उरलेलं नसेल. मलाही तसंच वाटतं. तुम्हाला आता कुणी गावासमोर नाक घासायला लावू पाहत असेल तर मी दादाच्या नव्हे, तुमच्या बाजूनं उभी राहीन. पण दादा शिक्षा मागत नाही, देणं मागतो आहे. शिक्षा माणूस बदलल्यावर सैल होऊ शकते. देणं दुसऱ्याच्या घरी पडलेला खड्डा असतो, आणि तो तुमच्या सुधारण्यानं भरत नाही. शिवाय त्या म्हाताऱ्यानं आधी 'तो मीच' म्हटलं आहे, हे विसरू नका.

तेव्हा पैसे द्या. किती, ते मला ठरवता येणार नाही. आजच्या भावाचा हट्ट मला जरा जास्त वाटतो, पण 11 हजार फेकून मोकळं होणंही बरोबर नाही. बैलाबरोबर एक पेरणी गेली होती, भाड्याचे पैसे गेले होते. वाटणीच्या बैठकीत तो आकडा दादालाच आधी बोलू द्या. कायद्यानं अशा देण्याची मुदत केव्हाच संपलेली असेल, वकील तेच सांगेल. ते कानावर आलं तरी बैठकीत काढू नका.

आणि पैशाच्या आधी एक करा. तो दिवस तुमच्याकडं नाही, दादाकडं आहे. त्याच्याजवळ बसा आणि विचारा, की त्या दिवशी मी कासरा धरून निघालो तेव्हा तू कुठं होतास, चांद्याच्या शिंगांवरचा पोळ्याचा रंग तेव्हा निघाला होता का, आणि शोधायला गेलास ते तीन बाजार कोणकोणते.