आधी भांडणंच आठवतात, मी वाईट बायको होते का?

जवळचं माणूस गेलं की लोक रडू आवरत नाही म्हणून समुपदेशकाकडे येतात, असा समज आहे. माझ्याकडे बरेच जण येतात ते नको त्या आठवणींनी छळलं म्हणून. नाशिकमधल्या सातपूरच्या एका ताईंचंच घ्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

त्यांचे पती एमआयडीसीत टर्नर होते. पाळीचं काम, वर ओव्हरटाइम. घराचे हप्ते, बहिणीचं लग्न, सगळं त्यातूनच. रविवार मात्र डोंगराचा. रामशेज, अंजनेरी, हरिहर, नाहीतर थंडीत पक्षी बघायला नांदूर मध्यमेश्वर. हृदयविकाराच्या झटक्यानं ते अचानक गेले. वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा ताई आल्या.

"मॅडम, सगळे म्हणतात, किती कष्टाळू, किती कुटुंबवत्सल. मला मात्र आधी रविवारची भांडणंच आठवतात. एक दिवस तरी घरी थांबा म्हणून किती बोलले मी त्यांना! मी वाईट बायको होते का?"

मी विचारलं, "मग ते काय म्हणायचे?"

"म्हणायचे, आठवडाभर मशिनसमोर उभा असतो, एक दिवस वारा खाऊ दे की." ताईंना हसू आलं आणि लगेच त्यांनी तोंडावर हात धरला. "उन्हाळ्यात रुमालात करवंदं बांधून आणायचे. मी रागानं हात लावायचे नाही. रात्री सगळे झोपले की खायचे."

माणूस अचानक गेला की भांडण मिटायचं राहून जातं, आणि मन तिथंच घुटमळतं. त्यात 'गेलेल्याबद्दल चांगलंच बोलावं' हा आपला दंडक. त्यामागे माया असते, पण घरात मग हार घातलेला फोटोच उरतो, माणूस उरत नाही. एके काळी मानसशास्त्रातही, गेलेल्यापासून मन सोडवून घ्यावं, असं मानत. १९९६ मध्ये क्लास, सिल्व्हरमन आणि निकमन या अभ्यासकांनी वेगळं मांडलं: नातं तुटत नाही, त्याचं रूप बदलतं. माझ्या मते त्या नात्यात भांडणंही आलीच.

मी सुचवलं ते एवढंच, की रात्री जेवताना त्यांच्याबद्दल बोला, आणि चांगलंच बोलायला हवं असं नाही. सासूबाईंना ते पटलं नाही. पण पुढं त्यांनीच सांगितलं, की आपला पोरगा लहानपणी शाळा बुडवून गोदावरीत पोहायचा आणि मार खायचा. मग ताईंचा चौदा वर्षांचा मुलगा बोलला, "पप्पा मला हरिहरला नेतो म्हणाले होते, नेलंच नाही." तो राग त्यानं वर्षभर कुणाला कळू दिला नव्हता.

ताईंचं काम, झोप, जेवण ठीक होतं. सहा महिने उलटूनही दुःखाची धार तेवढीच असेल, रोजचे व्यवहारही ठप्प असतील, तर मात्र मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावरही मोफत बोलता येतं.

आता मुलगा वडिलांच्या मित्रांबरोबर हरिहरला जायचं म्हणतो. ताई अभ्यासाचं कारण पुढं करत होत्या. मी म्हटलं, भीती वाटते तर तसंच सांगा त्याला. पावसाळ्यात त्या उभ्या पायऱ्यांवर गर्दीही फार असते. हरिहर हिवाळ्यात, तोपर्यंत रामशेज, असं मायलेकांचं ठरलंय. सासूबाईंचा दोन्हींना विरोध आहे.