घड्याळांचं लुटुपुटूचं दुकान आणि खरी नोटीस

प्रश्न : वेब डिझाइन शिकण्याच्या हौसेपोटी मी महागड्या घड्याळांचं एक नकली ऑनलाइन दुकान तयार केलं. लोगो आणि फोटो एका नामांकित कंपनीचे वापरले. तिच्या नावाला ‘स्टोअर’ जोडून डॉट कॉम डोमेनही घेतलं. एकही घड्याळ विकलं नाही, एक पैसा घेतला नाही. पण काही अनोळखी लोकांनी ऑर्डरचा फॉर्म भरला आणि एकाने तर ‘डिलिव्हरी कधी मिळेल?’ असं विचारलं. आता कंपनीच्या वकिलांची नोटीस आली आहे : साइट बंद करा, डोमेन आमच्या नावे करा, लेखी हमी द्या, नुकसानभरपाई भरा. माझ्याकडून गुन्हा घडला आहे का?

उत्तर : तुमच्या पत्रात लोगोबद्दल दोन परिच्छेद आहेत आणि फॉर्मबद्दल जेमतेम एक ओळ. मी फॉर्मपासूनच सुरुवात करते.

तुम्ही पाठवलेले स्क्रीनशॉट पाहिले. नाव, पत्ता, मोबाइल, कार्डाचा नंबर, सीव्हीव्ही आणि खाली ‘ऑर्डर पक्की करा’ असं ठसठशीत बटण. ‘ही साइट फक्त सरावासाठी आहे’ असं लिहिलंय खरं, पण अगदी तळाशी, फिकट करड्या अक्षरांत. तिच्या शेजारीच मूळ साइटवरून जशीच्या तशी उचललेली ‘सर्व हक्क राखीव’ ही ओळ, कंपनीच्या नावानिशी. हे पाहून परक्या माणसाने काय समजायचं? पोलिसांच्या सायबर विभागात रोज येणाऱ्या फसव्या साइट नेमक्या अशाच दिसतात.

माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ड प्रमाणे संगणकाच्या साहाय्याने तोतयेगिरी करून फसवणूक केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. यात ‘फसवणूक’ सिद्ध व्हावी लागते, म्हणजे हेतू अप्रामाणिक असावा लागतो. तुमचा नव्हता, आणि माझ्या मते एवढ्यावर गुन्हा टिकणार नाही. पण हेतू कोणाच्या कपाळावर लिहिलेला नसतो, तो वागणुकीवरून ताडला जातो. म्हणून फॉर्ममधले कार्ड नंबर कुठे साठले, हा कळीचा प्रश्न. ते डेटाबेसमध्ये जमा होत होते, असं तुम्ही सहज लिहून गेलात. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार १ ऑक्टोबर २०२२ पासून खऱ्याखुऱ्या दुकानदारांनाही ग्राहकाच्या कार्डाचा पूर्ण नंबर साठवता येत नाही. तुम्ही तर दुकानदारही नाही.

तेव्हा आजच साइट बंद करा. ज्यांनी फॉर्म भरला त्यांना कळवा की हे दुकान खरं नव्हतं, पैसे कापलेले नाहीत, तरीही बँकेला सांगून कार्ड बदलून घ्या. मग कार्डांची माहिती कायमची पुसा. साइटचा कोड आणि सर्व्हरच्या नोंदी मात्र जपून ठेवा. पेमेंटची सोय जोडलेलीच नव्हती, हे उद्या त्यांवरूनच दाखवता येईल. नोटीस आल्यावर घाबरून सगळंच उडवून टाकणारे पक्षकार मी पाहिले आहेत. त्यांचा बचावही त्याबरोबर उडतो.

आता ट्रेडमार्क. १९९९ च्या कायद्यातलं कलम २९ चिन्हाचा वापर ‘व्यापाराच्या ओघात’ झाला का, हे विचारतं. विक्री नाही, कमाई नाही, हा तुमचा मुद्दा इथे कामाचा आहे. पण त्याच कलमात विक्रीसाठी माल मांडणं हाही वापरच धरला आहे आणि तुमच्या पानावर किमतीसकट घड्याळं मांडलेली होती. शिवाय नामांकित चिन्हांना जास्तीचं संरक्षण मिळतं : रोलेक्सने दिल्ली उच्च न्यायालयातून २००९ मध्ये मनाई हुकूम मिळवला तो घड्याळवाल्याविरुद्ध नव्हे, तर कृत्रिम दागिन्यांवर ते नाव लावणाऱ्याविरुद्ध. तुमच्या बाजूने युक्तिवाद करता येईल, पण हौसेच्या साइटसाठी वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवण्यात काय हशील?

फोटोंबाबत बाजू आणखी लंगडी आहे. खासगी वापराची सवलत कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये आहे, पण साऱ्या जगाला दिसणारी साइट खासगी कशी म्हणायची?

डोमेन सोडून द्या. डॉट कॉमच्या वादांना आयकॅनचं, म्हणजे इंटरनेटवरच्या डोमेन नावांचा कारभार पाहणाऱ्या संस्थेचं, १९९९ चं धोरण लागू होतं. त्यात अव्यापारी वापराचा बचाव आहे, पण कंपनीचंच नाव आणि पुढे ‘स्टोअर’ असा पत्ता असल्यावर तो टिकणं अवघड. त्या प्रक्रियेत भरपाई मिळत नाही, फक्त डोमेन जातं. ते आपणहून दिलेलं बरं.

पैशांची मागणी मात्र मान्य करू नका. नफा झालाच नाही, तर हिशेब कसला द्यायचा? उत्तरात ‘माझी चूक झाली, माफ करा’ असं भाबडेपणाने लिहू नका. ‘कोणताही दोष मान्य न करता आणि आमच्या हक्कांना बाधा न येता’ अशी सुरुवात करून साइट कधी बंद केली ती तारीख, विक्री शून्य आणि डोमेन देण्याची तयारी एवढंच लिहा. लेखी हमी द्या, पण ती या एका चिन्हापुरती. ‘भविष्यात घड्याळांशी संबंधित कोणतीही साइट करणार नाही’ असा मसुदा त्यांनी पाठवला असेल तर तेवढी ओळ खोडा. त्याआधी नोटीस खरी आहे ना ते पाहा. त्यातल्या लिंकवर पैसे भरू नका. वकिलाच्या कार्यालयाचा नंबर स्वतंत्रपणे शोधून फोन करा.

दुकान पुन्हा उभारायचं तर खुशाल उभारा, काम छान झालंय. नाव स्वतः बनवा आणि ट्रेडमार्क नोंदणीच्या सार्वजनिक शोधात तपासा. ही नोंदणी माल-सेवांच्या वर्गांनुसार होते : घड्याळं वर्ग १४ मध्ये येतात, दुकानाची सेवा वर्ग ३५ मध्ये. घड्याळाचं चित्र स्वतः थ्रीडीत काढा. मोफत फोटोंच्या साइटवरून घेतलेल्या फोटोतही तबकडीवर कोणाचं तरी नाव असतंच. कार्डाचे रकाने टाइपच होणार नाहीत असे ठेवा किंवा पेमेंट गेटवेचा (ऑनलाइन पैसे स्वीकारणाऱ्या सेवेचा) टेस्ट मोड वापरा, त्यात खरे पैसे कापले जात नाहीत. ‘नमुना’ ही पट्टी कार्टच्या पानावरही वरच्या बाजूला हवी.

नोटिशीतली मुदत उलटू देऊ नका. उत्तर ईमेलने आणि स्पीड पोस्टाने, दोन्हीकडून पाठवा, पोचपावती ठेवा. आणि सही करण्याआधी हमीपत्राचा मसुदा जवळच्या एखाद्या वकिलाला मूळ कागदांसकट दाखवा.